सोमवारचं पाणी

"हिसका नको देऊस गो. आधी तेल पाज, मग थांब. लोखंडालापन तहान लागते."

असं म्हणून हिरामण टेंपोच्या बॉनेटखाली डोकं खुपसायचा. आज तिथंच नाथा मेकॅनिक घामाने निथळत उभा होता आणि पान्याला हिसक्यामागून हिसका देत होता. इंजिनापुढचा पंखा काही जागचा हलेना. हौसा पडवीच्या मेढीला टेकून पाहत होती. नवऱ्याचे शब्द ओठांवर येत होते, पण पुरुषमाणसाच्या कामात कसं बोलावं, म्हणून ती ते गिळत होती.

"वयनी, पंखा निघाला तर मागचा पंप बदलता येल," नाथा म्हणाला. "नाय तर गाडी नागोठण्याच्या आत उकळंल."

हिरामणचा धाकटा भाऊ गोविंदा पायरीवर विडी ओढत बसला होता. "उद्या भंगारवाला येतोय. सांजपतुर चालू झाली तर तुझी रोह्याची एक खेप, वयनी. नाय तर नाय. माझा शब्द तेवढाच."

त्या एका खेपेसाठी हौसाचा जीव अडकला होता. पेणच्या खाडीकाठी हिरामणने या टेंपोतून जन्मभर मीठ वाहिलं. त्याची एकुलती बहीण बायजा रोह्याजवळ वरशाला दिलेली. शेवटच्या भाऊबीजेनंतर तिला एष्टीत बसवताना तो म्हणाला होता, "पुढल्या खेपंला एष्टी नाय. मी गाडी घेऊन दारात येतो, तवाच निघायचं." शिमग्याच्या सुमारास तो गेला. बायजा त्याच्या दिवसांना आली नि रडून परत गेली. ते काही माहेरपण नव्हे. आता तिचे गुडघे धरले होते, एष्टीची पायरी चढवत नव्हती. नाथा कामासाठी रोह्याकडे धाटावला जाई, त्याच्याकडून तिचा निरोप यायचा, "दादानं थांब सांगितलंय. मी थांबलेय." आणि हौसाने उलट निरोप धाडला होता, "वन्सांना सांगा, गाडी येईल."

नाथाने वाकून नखाने काही खरवडलं. "ह्ये काय, वयनी? नटावर कुंकू?"

हौसाची मान खाली गेली. हिरामण गेल्यापासून दर सोमवारी, उपासाच्या दिवशी, अंघोळ करून ती बॉनेट उघडायची. त्याचा हात शेवटी जिथं लागला होता, तिथं तांब्यातलं पाणी शिंपडायची, हळदकुंकू वाहायची. तिच्या लेखी ती गाडी जपत होती.

"दर सोमवारी पानी?" नाथाने विचारलं.

"व्हय. अन् श्रावनात नारळाचं."

गोविंदा खो खो हसला. "भंगारवाल्याचं काम वयनीनं आधीच करून ठेवलंय."

नाथा हसला नाही. त्याने पाना खाली ठेवला. "पिंडीवर घालतो ते पानी लोखंडाला मानवत नाय, वयनी. त्यात ही खाडीची खारी हवा. गंजून एकजीव झालाय. गॅसनं कापू काय?"

"कापू नका." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तेल पाजू या. अन् थांबू या. ते तसंच करायचे."

"थांबाया येळ कुठं हाय?" नाथाने विचारलं.

"सांज व्हायला अवकाश हाय, भावजी."

ती देवघरातली तेलाची बुधली घेऊन आली. नाथाने त्यात रॉकेल मिसळायला सांगितलं, नुसतं तेल आत मुरायचं नाही म्हणाला. हौसाने कापसाची लांब वात वळली, त्यात भिजवली आणि नटाभोवती गुंडाळली. मग ती तिथंच बसून राहिली. वात सुकली की पुन्हा तेल सोडायची. नाथा अधूनमधून हातोडीने हलकेच ठोकायचा. दुपार उतरली, खाडीला भरती लागली. देवाकडे तिने काही मागितलं नाही. त्याला ते ठाऊकच होतं.

"आता बघू," नाथा उठला. "पर पुली धरंल कोन? नटाबरोबर तीपन फिरते."

हौसाने खुंटीवरचा जुना पट्टा काढून पुलीला वेढा घातलासुद्धा होता. "मी धरते. मीच धरायची."

तिने पाय रोवले, पट्ट्याची दोन्ही टोकं मुठीत आवळली. किती वर्षं ती अशी उभी राहिली होती, आणि पलीकडून तो हळू म्हणायचा, "खेचू नको गो, नुसती धर." तिने नुसतं धरलं. तळवे जळू लागले. कर्र, असा बारीक आवाज झाला. लालसर भुगा तिच्या पायांवर सांडला, आणि नट फिरला.

"सुटला," नाथा म्हणाला आणि खाली बसून त्याने तोंड पुसलं.

पंप बदलला, पंखा परत बसला. हौसा आतून तांब्या भरून घेऊन आली. गोविंदा काही बोलणार होता, पण तिने पाणी सरळ रेडिएटरमध्ये ओतलं. मग त्यानेच किल्ली फिरवली. इंजिन खोकललं, थरथरलं, लागलं. पंख्याचा वारा हौसाच्या तोंडावर आला, पदर उडाला. तिने तो सावरला नाही.

गोविंदाने विडी टाकली. "काय तरी खाऊन घे. भिसे खिंड अंधाराच्या आत गाठू."

"आज सोमवार. उपास वरशालाच सोडीन, वन्सांबरोबर."

तिने ड्रायव्हरशेजारच्या बाकावर धुतलेली गोधडी दुमडून घातली, हाताने सारखी केली, आणि मागे जाऊन मिठाच्या गोण्या असायच्या तिथं चढू लागली.

"अगो, पुढं बस की. जागा हाय."

"ती जागा वन्सांची," ती म्हणाली, आणि फळीला धरून वर चढली.