फळ्यावरचं उलटं झाड

मित्रांनो, मी फळा आहे. भिंतीत ठोकलेला नव्हे, लाकडी चौकटीत दोन खुंट्यांवर फिरणारा. वरची कड धरून खाली ओढली की माझी पाठ पुढे येते आणि तोंड मागे जातं. मला घडवणाऱ्या सुतारकाकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "लिहायचं ते पुढे उभं राहून. मग फिरवून लपवायचं आणि वेळ आली की परत फिरवायचं. मागे जाऊन लिहाल, तर पुढे येताना सगळं डोक्यावर उभं राहील."

तेव्हा हे मोठं विद्यापीठ नव्हतं. दोन खोल्या, एक व्हरांडा, पाच पायऱ्या आणि शिक्षक व्हायला आलेली अकरा माणसं, एवढाच सरकारी अध्यापन वर्ग होता. शेजारच्या शाळेतली तिसरीची मुलं रांगेने येऊन बाकांवर बसायची आणि ही मोठी माणसं त्यांच्यासमोर सरावाचे पाठ घ्यायची. शेवटच्या बाकावर तपासनीस गुरुजी गुडघे दुमडून बसायचे, कारण बाक तिसरीच्या मापाचा होता. खडूची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायची. मला वाटायचं, ही पुसलेली अक्षरंच आहेत, आता कुठे जाऊन बसायचं ते ठरवताहेत.

त्या अकरांत एक बाई होती. सगळे तिला खिडकीबाई म्हणत, कारण तिचं अर्धं लक्ष कायम खिडकीबाहेर. बाहेर व्हरांड्यात तिची दीड वर्षाची मुलगी असायची, नणंदेच्या मांडीवर. तिचे दोन पाठ फसले होते. तिसरा फसला तर नाव कमी होणार होतं, आणि घरी सासऱ्यांनी शिकायला दिलेलं एक वर्षही संपत आलं होतं. दुसरं मिळणार नव्हतं.

तिसऱ्या पाठाच्या सकाळी ती मुलांच्या आधीच आली.

"वहिनी, जा तुम्ही आत. मी आहे ना," नणंद म्हणाली. "ही काय उडून जाणार आहे?"

"उडून नाही गं. पायऱ्या आहेत."

"पायऱ्या मलाही आहेत. मी कुठे पडतेय?"

पाठ होता झाडाच्या भागांचा. चित्र आधी काढून लपवून ठेवायचं होतं. पण माझ्यासमोर उभं राहिलं की खिडकी तिच्या पाठीशी जायची. म्हणून ती माझ्या मागे गेली. तिथून व्हरांडा स्वच्छ दिसायचा. एक रेघ माझ्यावर, एक नजर बाहेर, असं करत तिने मुळं, खोड, फांद्या, पानं सगळं काढलं. भीतीने हात जड झाला होता आणि खडूत कच होती. मला चांगलंच ओरबाडलं तिने. सुतारकाकांचं बोलणं मला आठवत होतं, पण सांगणार कसं? फळ्यावर दुसऱ्यांनीच बोलायचं असतं.

पाठ सुरू झाला, बरा चालला. मग तिने माझी कड धरून मला फिरवलं. वर्गात हसू फुटलं.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं झाड पडलं."

बाईंचा हात माझ्या कडेवर तसाच राहिला, घामाने ओला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला तो अख्ख्या उन्हाळ्याएवढा वाटला. शेवटच्या बाकावर गुरुजींची पेन्सिल थांबली होती. मग तिने हात काढला.

"खरंच की, पडलं," ती म्हणाली. "पडलेल्या झाडाचं आधी काय दिसतं?"

"मुळं."

"आणि उभ्या झाडाची दिसतात?"

"नाही. ती मातीत असतात."

"मग आज दिसताहेत तोवर त्यांचीच ओळख करून घेऊ."

मुलं माना वाकड्या करकरून पाहू लागली. मूळ पाणी कसं ओढतं, अंधारात वाट कशी काढतं, एवढं मोठं झाड कसं धरून ठेवतं. तिच्या पाठाच्या टाचणवहीत मुळांना एकच ओळ होती. त्या दिवशी त्यांना अर्धा तास मिळाला. आणि त्या अर्ध्या तासात ती एकदाही खिडकीकडे वळली नाही.

मुलं गेल्यावर गुरुजी गुडघे चोळत उठले. "झाड मुद्दाम उलटं काढलंत?"

हो म्हणाली असती, तर निभावलं असतं.

"नाही, सर. चुकलं. मुलीवर नजर ठेवायला मागे गेले होते."

"मग पुसून पुन्हा का नाही काढलंत?"

"तेवढ्यात मुलं हातची गेली असती."

गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं. "फलकलेखनाला शून्य," ते म्हणाले. तिचा चेहरा उतरला. "बाकी सगळ्याला पूर्ण. पास आहात. आणि उद्यापासून लेकीला आत आणा. माझ्या बाकावर जागा असते."

पुढे ती दूरच्या कुठल्याशा शाळेत गेली. पुन्हा आली नाही.

मग वर्षं स्वप्नासारखी सरली. अध्यापन वर्गाचं महाविद्यालय झालं आणि एका सकाळी फाटकावर विद्यापीठाची पाटी लागली. विज्ञान आलं, कायदा आला, शेतीशास्त्र आलं. पांढरे गुळगुळीत फळे आले, तसा मी जिन्याखाली गेलो. अंगावर सूचनांचे कागद डकवले गेले, डिंकाचे पापुद्रे धरले. मागच्या महिन्यात 'निकामी' अशी चिठ्ठीही लागली.

काल झाडणाऱ्या मावशींनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि दुसरी बाजू पुसायला फिरवलं. झरोक्यातून तिरपं ऊन आलं. रंगाचे किती हात चढले, तरी न बुजलेले ते ओरखडे उजळले.

"अगंबाई, झाड," मावशी म्हणाल्या. "आणि हे उलटं कोणी काढलं?" मान वाकडी करून त्या पाहत राहिल्या, अगदी तिसरीतल्या मुलांसारख्या. मग चिठ्ठी नखाने सोलून त्यांनी कचऱ्यात टाकली. तेवढ्याने मी वाचेन की नाही, माहीत नाही.

मित्रांनो, फळ्याला चिकट कागद डकवू नका, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा फिरवून पाहा, हे तर सांगायचंच आहे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्यासमोर कोणी नवं माणूस फळ्यापाशी चुकलं आणि त्याचा हात कडेवर तसाच राहिला, तर तो हात निघेपर्यंत थांबा. शेवटच्या बाकावरची ती पेन्सिल थांबली होती, तसे.