तळव्यांखालची वाळू

धाकटीचा ताप आठवड्याभरात गेला खरा, पण जाताना अंगातलं सगळं बळ बरोबर घेऊन गेला. त्यानंतर ती पूर्वीसारखी कधी उठलीच नाही. सकाळी डोळे उघडले की आधी अंदाज घ्यायचा, आज कितपत जमेल. केस धुतले तर स्वयंपाक नाही, स्वयंपाक केला तर काम नाही. काम म्हणजे रफूचं. लाँड्रीवाला फाटलेले कोट, कसरीने खाल्लेले स्वेटर पिशवीत घालून पाठवायचा आणि ती खिडकीशी उशीला टेकून असा एकेक धागा भरायची, की भोक कुठे होतं ते त्यालाही शोधावं लागे.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. एक म्हणाला आराम करा, दुसरा म्हणाला मन रमवा. सासरच्यांनी आधी काळजी केली, मग सल्ले दिले आणि मग ते तिच्या देखत एकमेकांकडे बघायला लागले. ते बघणं धाकटीच्या वर्मी लागलं. तेव्हापासून कुणी काही विचारलं की ती "बरी आहे" एवढंच म्हणायची. तक्रार तोंडाशी आली की गिळून टाकायची. पुढचं सगळं ओढवलं ते बरंचसं ह्या सवयीपायी.

नवरा गोदामातून फर्निचर पोचवणारी गाडी चालवायचा. त्याच्या फेऱ्या कमी झाल्या आणि मांस, अंडी, दूध, सगळंच हाताबाहेर जाऊ लागलं. तेव्हा वरच्या मजल्यावरून थोरली जाऊ खाली उतरली. मोठ्या आवाजाची, कामाला वाघ. तिचं स्वतःचं अंग एके काळी कायम ठणकत असे. मग तिने प्राण्यांपासून येणारं सगळं बंद केलं आणि अशी टुणटुणीत झाली, की त्या दिवसापासून तिच्या बोलण्याला दुसरा विषय उरला नाही.

"अगं, तुझा खर्च अर्ध्यावर येईल आणि दुखणंही पळेल," ती म्हणाली. "तू उभीसुद्धा राहू नकोस. मी रविवारी एकदाच मोठं पातेलं चढवते. मसूर, राजमा, कोबी, गाजर. डबे भरून ठेवायचे, रोज एक गरम करायचा."

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीचे महिने छान गेले. चूल सांभाळावी लागत नव्हती, पोटात वेळेवर गरम पडत होतं. एकदा तर धाकटी स्वतः लाँड्रीपर्यंत चालत जाऊन आली. सकाळी ओट्सची वाटी पुढे आली की नवरा म्हणायचा, "आता मी आणि घोडा, दोघांचा खुराक एकच. फक्त त्याला गाडी ओढावी लागते, मी चालवतो." धाकटी हसायची. घरात हसू परत आलं होतं.

दुसरं वर्ष लागलं आणि एका सकाळी तिला न्हाणीघराच्या फरशीवर वाळू लागली.

तिने झाडू घेतला. फरशी लख्ख होती. पाय उलटा करून पाहिला; तळवाही स्वच्छ. पाऊल टेकलं की मात्र वाळू होतीच, बारीक, कुठून तरी झिरपून आलेली. तिने झाडू परत कोपऱ्यात ठेवला. मग एकदा जिना उतरून दाराशी आली, तेव्हा तिला दिसलं, की एका पायात चप्पल नाही. ती वर पाचव्या पायरीवर पडली होती. कधी निसटली ते पायाला कळलंच नव्हतं. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई आणि नळ धरावा लागे. जीभ चुरचुरायची. आरशात पाहिली तर लालबुंद, तुकतुकीत.

एकदाच तिने विषय काढला. "वहिनी, पाय जरा बधिर वाटतात."

"होणारच!" थोरली म्हणाली. "इतक्या वर्षांची घाण बाहेर पडतेय. चहात अजून दूध घालतेस ना? ते आधी सोड."

धाकटीने तेही सोडलं. नवरा म्हणाला, "दमली आहेस, दुसरं काय." थकवा घरात इतका मुरला होता, की त्याच्या आडून दुसरंच कुणी आत शिरलं तरी कुणी मान वर करून बघत नव्हतं.

मग ते बोटांपर्यंत आलं. पांढऱ्या स्वेटरवर काम करताना तिला एक लाल ठिपका दिसला. लाँड्रीवाल्याकडूनच डाग आला असेल, असं तिला वाटलं. ठिपका पसरला. तिने हात उचलला तर सुई तिच्याच बोटात अर्धी रुतलेली होती. कळ नव्हती. तिने ती दुसऱ्याच्या बोटातून काढावी तशी काढली आणि बराच वेळ भोकाकडे बघत बसली. त्याच आठवड्यात लाँड्रीवाल्याने एक कोट परत पाठवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. निरोप होता : बाई, ह्या वेळी दिसतंय.

इस्त्री ती खाली बसून करायची. त्या दुपारी तिला जळका वास आला. बाही पाहिली, ठीक होती. वायर पाहिली. उठून स्वयंपाकघरात गेली, शेगडी बंदच होती. वास तिच्याबरोबर आला. ती परत बाहेर आली तेव्हा थोरली डबे घेऊन दारात उभी होती. तिची नजर खाली गेली आणि हातातले डबे धाडकन पडले.

"अगं, तुझा पाय!"

डाव्या पायाची कड इस्त्रीला टेकून राहिली होती. त्याच पायाने धाकटी घरभर वास शोधत फिरली होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. जखम बांधता बांधता तिने विचारलं, "दुखलं नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

धाकटीने सवयीने गिळायला घेतलं होतं, पण ह्या वेळी ते घशाखाली उतरेना. तिने वाळूपासून सगळं सांगितलं. डॉक्टरिणीने दोन दांड्यांचा लोखंडी काटा वाजवून, तो कंप पावत असतानाच घोट्यावर टेकवला. "थरथर जाणवते?" थरथर तिला दिसत होती, जाणवत नव्हती.

रक्ताचे निकाल आले तेव्हाही थोरली शेजारच्या खुर्चीवर होती. "जेवणात वाईट काहीच नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण बी-बारा नावाचं जीवनसत्त्व असल्या जेवणातून मिळत नाही. ते वेगळं घ्यावं लागतं. साधी गोळी असते, फार महागही नाही. तुम्ही आजारपणात आधीच नीट खात नव्हता, साठा तळाला गेलेला असणार. नसा सुकायला लागल्यात. कुणी सांगितलं नाही?" मग ती थोरलीकडे वळली. "तुम्हीही हेच खाता ना? तुमचंही रक्त तपासू."

"नको," थोरली म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक कधी कुणी ऐकला नव्हता. "मी घेते."

"काय घेता?"

"गोळी. पहिल्यापासून."

परतताना दोघी गाडीत मागच्या सीटवर होत्या. नवरा पुढे, रस्त्यावर नजर ठेवून.

"मला का नाही सांगितलंत, वहिनी?"

थोरली काचेबाहेर बघत राहिली. "गोळी घेते म्हटलं असतं, तर सगळे म्हणाले असते, गोळीनेच बरी झाली. मग त्यात माझं काय राहिलं असतं?"

इंजेक्शनं सुरू झाली. जीभ बरी झाली. बोटं हळूहळू जागी झाली, पण बारीक धागा आता हाताला येत नाही. लाँड्रीवाला बटणं लावायला पाठवतो. डाव्या पायाची जाणीव गेली ती गेलीच. जेवण तेच राहिलं, कारण ते परवडतं आणि धाकटीला आवडतंही. पातेलं आता नवरा चढवतो, आणि पाण्याच्या भांड्याशेजारी गोळ्यांची बाटली असते. जुना थकवा होता तिथेच आहे.

एका दुपारी तिला जिन्यात थोरलीचा आवाज ऐकू आला. समोर नवी भाडेकरीण होती, पोटुशी. थोरली तिला रंगात येऊन सांगत होती, दूध सोड, अंडी सोड, बाळ बघ कसं होतं. धाकटी दाराआड थांबली. आता गोळीचं सांगेल, आता सांगेल. थोरली राजमा भिजवण्यापर्यंत पोचली, पुढे निरोप घेण्यापर्यंत आली.

धाकटीने कठडा धरला. पायरी कुठे आहे ते पायाला कळत नाही, म्हणून प्रत्येक पाऊल डोळ्यांनी ठेवत ती वर चढली. श्वास लागला होता.

"गोळीचं सांगा त्यांना."

"हिची तब्येत बरी नसते हो," थोरली भाडेकरणीला मायेने म्हणाली.

भाडेकरीण हसली. ते हसू धाकटीच्या चांगलं ओळखीचं होतं. ती पायरीवर बसली आणि तिने डावा मोजा उतरवला.

"इस्त्रीने भाजलं. मला वास आला, कळ आली नाही."

भाडेकरणीचा हात पोटावर गेला. थोरलीचं दार लागल्याचा आवाज झाला.

धाकटीला आता उठणं शक्य नव्हतं. भाडेकरणीनेच तिच्या काखेत हात घालून तिला खाली आणलं, दाराशी गोळीचं नाव विचारलं आणि पुन्हा एकदा विचारून घेतलं. नंतरचे किती तरी दिवस धाकटी अंथरुणाला खिळून राहिली. वरून पातेली घासल्याचे आवाज यायचे, नेहमीपेक्षा जोरात. मग एके दिवशी जिन्यात अनोळखी पावलं वर चढली, वरचं दार उघडलं आणि थोरलीचा मोठा, प्रेमळ आवाज आला, "या, या. बसा ना!"