भोकं बरोबर होती

"इथं सही करा, बाई. खाली तारीख टाका." कानिफनाथने कागद टेबलावर सरकवला.

रूथने तो उचलला नाही, वाकून वाचला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे बेचाळीस नगांना तडे गेले. त्याबद्दल मी माफी मागते.’ सगळा मजकूर टाइप केलेला होता, तिचं नावसुद्धा. सहीची जागा तेवढी कोरी होती.

टेबलाशेजारी पुण्याहून परत आलेला माल पडला होता. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला एका बाजूने बसवायच्या ॲक्रिलिकच्या खिडक्या. आतले रंगीत दिवे बाहेरून दिसावेत म्हणून पोरं हौसेने बसवून घेतात. शेडमध्ये सगळे त्यांना काचाच म्हणत. प्रत्येक काचेच्या चार कोपऱ्यांत चार भोकं होती आणि प्रत्येक भोकाभोवती केसासारख्या रेषा फुटल्या होत्या.

केडगावच्या या शेडमध्ये रूथला एकोणीस वर्षं झाली होती. नवरा, सॅमसन, वारला त्या वर्षी ती इथे झाडलोट करायला आली. तेव्हा इथे दुकानांच्या पाट्या आणि बक्षिसाच्या ढाली व्हायच्या. ड्रिलवरचा कारागीर जेवायला गेला की ती टाकाऊ तुकड्यांवर भोकं पाडून बघायची. पहिल्या महिन्यात तिने शंभरेक तुकडे फोडले. मग फुटायचे थांबले आणि पुढे ड्रिल तिच्याकडेच आलं. ॲक्रिलिकला घाई सोसत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. खाली लाकडाची फळी हवी, ड्रिलच्या टोकाला लावायच्या बिटची धार जरा बोथट केलेली हवी, हात हलका हवा. बिटमधून लांब पांढरी फीत निघत राहिली की काम नीट चाललंय. चिकट गोळा यायला लागला की थांबायचं.

"या काचा हितून गेल्या तवा नीट हुत्या," ती म्हणाली. "सत्यशीलानं पॅकिंग केलंय. तिला इचारा."

"मग काय टेम्पोत फुटल्या?"

"न्हाई. थिनरनं पुसल्या म्हनून फुटल्या. स्क्रू आवळला की मग तडे दिसत्यात."

कानिफनाथचा चेहरा उतरला. तो मालकांचा भाचा. दिवाळीनंतर सुपरवायझर म्हणून आला होता. काचेवर हातांचे डाग राहतात, म्हणून त्यानेच प्रत्येक काच थिनरच्या फडक्याने पुसायला लावली होती. रूथने तेव्हाच नको म्हटलं होतं. "तुम्ही भोकं पाडा. बाकीचं मी बघतो," असं तो म्हणाला होता.

बोलणं ऐकून मालक रामहरीशेठ केबिनमधून बाहेर आले.

"काय चाललंय?"

"शेठ, अर्धा तास द्या मला," रूथ म्हणाली. "मग सहीचं बोलू."

तिने एकाच शीटमधून दोन सारखे तुकडे कापले. त्यांना चार-चार भोकं पाडली आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर स्क्रूने दोन्ही सारखेच आवळले. एकावर साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवलं, दुसऱ्यावर थिनरचं. मग पत्रा शेठसमोर ठेवला आणि हात बांधून उभी राहिली.

सत्यशीलाने पॅकिंगची टेप खाली ठेवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कानिफनाथने मोबाईल काढला. "मामा, किती वेळ बघायचं हे?" तो म्हणाला.

तेवढ्यात थिनर लावलेल्या तुकड्यात एका भोकाच्या कडेला काहीतरी चमकलं. शेठनी चष्मा लावला. चमक रेघ झाली, रेघेच्या शेजारी दुसरी रेघ आली. साबणाने पुसलेला तुकडा तसाच्या तसा होता.

कानिफनाथ बाहेर निघून गेला.

शेठ खुर्चीत बसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "रूथबाई, चूक कुनाची ते कळलं मला. पन पुन्याच्या पार्टीला कागद द्यावा लागंल. भाच्याचं नाव टाकलं तर बहिनीला काय तोंड दाखवू? तुमचं नाव असू द्या. कामावरून काढतोय का तुमाला? तुमचं काय जातंय?"

"नावच जातंय की, शेठ."

रूथने पेन घेतलं. शेठना वाटलं, सही करतेय. तिने टाइप केलेल्या मजकुरावर एक सरळ रेघ मारली, शीट कापायच्या आधी मारायची तशी, एका झटक्यात. खाली लिहिलं, ‘भोकं बरोबर होती. काचा थिनरने पुसल्या म्हणून फुटल्या.’ त्याखाली सही केली, रूथ सॅमसन साळवे. तारीखही टाकली.

"आता द्या कुनालाबी," ती म्हणाली.

शेठनी कागदाची घडी करून खिशात घातली. तो पुण्याला गेला की नाही, शेडमध्ये कोणाला कळलं नाही.

सोमवारी ती आली, तर ड्रिलजवळ सत्यशीला रडवेली उभी होती. रूथला पॅकिंगला बसवायचं आणि ड्रिल सत्यशीलाने चालवायचं, असं कानिफनाथने सांगितलं होतं.

"ताई, मी न्हाई बसनार तुमच्या जागेवर."

"बस. मला येतंय ते तुला यायला नको का?"

रूथने ॲप्रनची गाठ बांधली आणि पॅकिंगच्या टेबलाशी गेली. कानिफनाथने तिच्यापुढे फडकं टाकलं. तिने ते नाकाशी नेलं आणि त्याच्याच हातात परत दिलं.

"ह्याला थिनर हाय. मी न्हाई लावायची."

"मी सांगतोय, बाई."

"सांगा. दिवसभर सांगा."

तो केबिनकडे बघत राहिला. काचेपलीकडे शेठ होते. त्यांनी मान खाली घातली आणि समोरचे कागद चाळायला लागले. कानिफनाथ फडकं घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला. रूथने बादलीत पाणी भरून आणलं, त्यात साबण कालवला.

दुपारपर्यंत तिने पन्नास काचा पुसून गुंडाळल्या. तिची पाठ ड्रिलकडे होती. एकदाही तिने वळून पाहिलं नाही. तीनच्या सुमाराला ड्रिलचा आवाज अचानक चिरका झाला.

"दाबू नगं, सत्यशीले," तिथूनच ती म्हणाली. "बिट वर घे. गार होऊ दे."

परत येऊन बसलेल्या कानिफनाथने मान वर केली. आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला, खालच्या पट्टीत, एकसारखा. रूथने तो नीट ऐकून घेतला आणि पुढची काच उचलली.