परत म्हणा

इन्चार्जबाईंनी सलाईनची नवी बाटली स्टँडला अडकवली, थेंब नीट पडतायत ना ते पाहिलं आणि मागे वळल्या, तर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी नवीन मेट्रन आणि धाकटी सिस्टर डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. मेट्रन काहीतरी समजावत होत्या, धाकटी मान डोलावत होती. इन्चार्जबाईंनी पलंगावरची उशी उगाचच सारखी केली आणि कान तिकडे लावले. शब्द काही हाती लागेनात. त्यातून एकच तेवढा कानी आला. बदली.

त्या पलंगावर रेलून आणखी पुढे वाकल्या.

"अहो सिस्टर, नळी!" पलंगावरचा ट्रकवाला म्हणाला. त्यांचं कोपर सलाईनच्या नळीवर टेकलं होतं.

"दिसतंय मला," कोपर काढत त्या म्हणाल्या. "तुम्ही पडून राहा. जास्त बोलायचं नाही."

"मी कुठं बोलतोय? तुमच्यापुढे माझा हॉर्नसुद्धा लाजेल."

त्याची बायको तोंडावर हात धरून हसली. इन्चार्जबाईंचा आवाज मोठा आहे हे हल्ली जो तो त्यांना सांगत असे. पूर्वी कुणी सांगत नव्हतं. वॉर्डात शिस्त ठेवायची तर आवाज लागतोच, असं त्यांचं मत होतं, आणि ज्यांना तो खुपतो त्यांच्या मनात दुसरंच काही असणार असंही होतं.

बदली म्हणजे कुठे, हे कुणी सांगायची गरज नव्हती. थकलेल्या, भांडकुदळ किंवा नकोशा झालेल्या सिस्टरांना या हॉस्पिटलात तळघरातल्या चादरींच्या स्टोअरमध्ये पाठवत. धुऊन आलेल्या चादरी घ्यायच्या, घड्या घालायच्या, मागायला येतील त्यांना द्यायच्या. तिथे रुग्ण नव्हता, कण्हणं नव्हतं, सकाळी डोळे उघडून "सिस्टर, आज बरं वाटतंय" म्हणणारं कुणी नव्हतं. इन्चार्जबाईंचं सगळं आयुष्य या वॉर्डात गेलं होतं. दारातून नुसती नजर टाकून कोण आज बिघडणार हे त्या ओळखत. वॉर्ड गेला तर आपलं काय उरेल, या विचाराची त्यांना भीती वाटे.

नवीन मेट्रन आल्यापासून वॉर्डाचं रूप पालटलं होतं. पलंगापलंगाशी हात धुवायच्या बाटल्या टांगल्या गेल्या. ड्यूटी बदलताना आतल्या खोलीत चहा पीत सांगायच्या गोष्टी आता रुग्णासमोर उभं राहून सांगायच्या होत्या. इन्सुलिन एकीनं भरायचं, दुसरीनं बघायचं. इथवरही ठीक होतं. पण फोनवर डॉक्टरांनी काही सांगितलं की ते मोठ्यानं परत म्हणायचं आणि डॉक्टर "बरोबर" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हे ऐकल्यावर इन्चार्जबाई मीटिंगमध्येच म्हणाल्या होत्या, "आम्ही काय बालवाडीत आहोत का, मॅडम?"

सगळ्या हसल्या होत्या. धाकटी तेवढी हसली नव्हती. खाली बघत पेनाचं टोपण काढघाल करत बसली होती. तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय हे आपण ओळखायला हवं होतं, असं इन्चार्जबाईंना आता वाटत होतं.

धाकटी काही वयानं फार लहान नव्हती. वॉर्डात पूर्वी एकाच नावाच्या दोघी होत्या, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. थोरली नोकरी सोडून गेली, ही मात्र धाकटीच राहिली. कॉलेजातून आली तेव्हा तिचे हात इतके थरथरत की रुग्णच तिला धीर देत. शीर कशी शोधायची, रडणाऱ्या नातेवाइकाला कसं शांत करायचं, उद्धट डॉक्टरला कसं गप्प करायचं, हे सगळं इन्चार्जबाईंनी तिला शिकवलं. आणि आता फोन वाजला की हीच इतरांना ढकलून आधी धावायची. राउंडला नेमकी इन्चार्जबाईंच्या उजव्या हाताला चिकटून उभी राहायची आणि डॉक्टर जे बोलतील ते पोपटासारखं मोठ्यानं म्हणायची. जणू इन्चार्ज तीच.

बाकीच्याही तसल्याच. त्या आतल्या खोलीत गेल्या की आवाज खाली जात. ओठ हलत, हसू फुटे. "काय गं, काय झालं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"काही नाही ताई, जाऊ दे."

हे 'जाऊ दे' त्यांच्या फार जिव्हारी लागे. घरीही तेच चालू होतं. नवरा आणि मुलगी जेवताना काहीबाही बोलत, खिदळत, आणि त्यांनी विचारलं की नवरा हात झटकून म्हणे, "अगं, काही नाही, जाऊ दे." स्वतःच्याच घरात आपल्यापासून काय लपवायचं असतं माणसाला?

दुपारी जेवणाच्या गाड्या वॉर्डात शिरत असताना फोन वाजला. धाकटी औषधांच्या कपाटापाशी होती. ती वळायच्या आत इन्चार्जबाईंनी रिसीव्हर उचललाच.

पलीकडे नवा डॉक्टर होता. हा मुलगा तोंडात सुपारी ठेवल्यासारखा बोले. ट्रकवाल्याचा साखरेचा रिपोर्ट त्यानं पाहिला होता. जेवणाआधी इन्सुलिन द्या, म्हणाला. साठ युनिट.

इन्चार्जबाई थबकल्या. साठ? फार होतंय. पण माणूस धिप्पाड होता, साखर सकाळपासून चढलेली होती, आणि हल्लीच्या या पोरांचा हात सैलच असतो. परत विचारावं असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांना दिसलं, की धाकटी कपाटाचं दार उघडं टाकून त्यांच्याकडे टक लावून बघतेय. परत म्हणतात की नाही, तेच बघतेय. आणि संध्याकाळी जाऊन मेट्रनचे कान भरणार.

"बरं, डॉक्टर," त्या ठसक्यात म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी इन्सुलिन भरलं. सिरिंज अर्ध्याच्या वर गेली तेव्हा त्यांचा अंगठा किंचित थांबला, पण थांबला तेवढाच. ट्रेमध्ये कापूस घेऊन त्या ट्रकवाल्याच्या पलंगापाशी आल्या. धाकटी मागोमाग आलीच.

"ताई, बघू? दोघींनी बघायचंय."

"बघ. तुझं समाधान होऊ दे."

धाकटीनं सिरिंज उजेडाकडे धरली. तिचा चेहरा बदलला.

"किती सांगितलं, ताई?"

"साठ."

"डॉक्टरांना एकदा विचारते."

"कशाला?" इन्चार्जबाईंचा आवाज इतका चढला की पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं चमचा खाली ठेवला. "फोन मी घेतलाय ना? की आता माझ्या बोलण्यावरही दुसरीची सही लागणार?"

"तसं नाही, ताई."

"मग कसं? सगळं कळतं मला. खिडकीपाशी काय चालतं तेही कळतं."

धाकटीनं खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून तो दोघींच्या मध्ये धरला. इन्चार्जबाई छाती पुढे काढून उभ्या राहिल्या. होऊन जाऊ दे एकदाचं, सगळ्या वॉर्डासमोर.

"डॉक्टर, ट्रक चालवणाऱ्या काकांचं इन्सुलिन किती म्हणालात? परत सांगता का?"

मोबाइलमधून डॉक्टरचा आवाज आला. इन्चार्जबाईंनी तो नीट ऐकला. आपल्या दोन्ही कानांनी ऐकला.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "साठ!"

ट्रकवाल्याची बायको पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असणारा ट्रकवाला छताकडे बघत राहिला. इन्चार्जबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं धाकटीची मान खाली जाईल. ती खाली गेली नव्हती. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिनं मोबाइल खिशात टाकून दोन्ही हात वर केले होते. एका हाताची पाचही बोटं आणि दुसऱ्याची दोन.

"सात," धाकटी हळू म्हणाली.

इन्चार्जबाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग सिरिंजकडे. त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे तिच्या हातात दिला.

"तू भर," त्या म्हणाल्या.

औषधांच्या खोलीतल्या स्टुलावर त्या बराच वेळ बसून होत्या. साठ युनिट गेलं असतं तर साखर एकदम उतरून ट्रकवाल्याला आधी घाम फुटला असता. मग त्याला गुंगी आली असती. जेवून झोपलाय बिचारा, असं म्हणून आपणच त्याच्या अंगावर पांघरूण घातलं असतं. हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी तिथलाच एक टॉवेल तोंडाशी धरला आणि त्यात रडल्या.

धाकटी आत आली, दार लोटून समोर उभी राहिली.

"दिलं. सात. आता जेवतायत ते."

"कधीपासून कळलंय तुला?"

"औषधाच्या पंपाचा गजर बोंबलत होता आणि तुम्ही पंपालाच टेकून उभ्या होतात, तेव्हापासून. आधी वाटलं, रागात आहात म्हणून लक्ष देत नाही."

"मेट्रनला सांगितलंस?"

"नाही. त्यांनी सगळ्यांकडून सूचना मागवल्या होत्या ना? परत म्हणायचं मी सुचवलं. तुमचं नाव घेतलं नाही. सगळ्यांनाच लागू होईल असं काहीतरी हवं होतं मला. तशा चुका होतातच की सगळ्यांच्या."

"आणि माझी बदली?"

"कसली बदली?"

"सकाळी खिडकीपाशी. मेट्रन बोलत होत्या. मी ऐकलं."

धाकटीनं क्षणभर विचार केला आणि तिला हसू आलं. ते आवरायला तिनं तोंडावर हात दाबला. "बादली, ताई. कचऱ्याची लाल बादली फुटलीय आपली. नवी मागवा म्हणत होत्या."

"तोंडावरचा हात काढ. परत म्हण."

"बादली."

या वेळी इन्चार्जबाईंनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग त्याही हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. आतल्या खोलीतली कुजबुज, जेवणाच्या टेबलावरचं ते 'जाऊ दे', सगळं एकदम अंगावर आलं. कोण काय लपवत होतं? बिचारी माणसं नेहमीच्या आवाजात बोलत होती.

धाकटीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ताई, कुणाला काही कळायला नको. मी आहे ना. फोन मी घेत जाईन, राउंडला शेजारी असेनच. काही होऊ देणार नाही मी."

इन्चार्जबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पोरगी मनापासून म्हणत होती. होकार द्यायला नुसती मान हलवायची होती, आणि वॉर्ड त्यांचाच राहिला असता.

"आणि तुझी सुट्टी असेल तेव्हा?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं त्यांच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

इन्चार्जबाई उठल्या. बेसिनवर तोंड धुतलं, केस सारखे केले. वॉर्डातून जाताना त्यांनी ट्रकवाल्याच्या ताटाकडे नजर टाकली. सगळं संपवलं होतं त्यानं, आणि बायको त्याला पाणी देत होती. तो काहीतरी म्हणाला. त्यांनी नुसता हात वर केला आणि पुढे गेल्या.

मेट्रनच्या केबिनचं दार बंद होतं. त्यांनी टकटक केली आणि थांबल्या. आतून "या" आलं, की "थांबा" आलं, की काहीच आलं नाही, ते कळेना. आजवर अशा वेळी त्या पाय आपटत परत जात, आणि आपल्याला मुद्दाम ताटकळत ठेवलं ही गोष्ट मनात धरून बसत. आता मागे फिरणं सोपं होतं. जिना समोरच होता.

त्यांनी दार उघडलं. मेट्रन टेबलावरून मान वर करून बघत होत्या.

"मॅडम," इन्चार्जबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही 'या' म्हणालात का? मला ऐकू आलं नाही."