बांगडीवाली वेल

झाड कितीही आजारी असो, त्याच्या अगदी शेंड्यावर एक जागा अशी असते की जिथे रोगाचा पाय सहसा पोचत नाही. टाचणीच्या टोकाहून लहान जागा. विषाणू पानात असतो, देठात असतो, पार मुळापर्यंत उतरलेला असतो. पण जिथे झाड या क्षणी नवं होत असतं, तिथे पोचायला त्याला उशीर होतो. शेंडा पुढे, रोग मागे. याची कारणं पुस्तकांत दिलेली आहेत आणि ती खरीच आहेत. पण ज्यानं झाड केलं त्यानंच ही एवढीशी खोली स्वतःसाठी राखून ठेवली, असं म्हटलं तरी त्या कारणांना काही बाध येत नाही.

धाकटीचं काम त्या खोलीच्या दाराशी होतं. पिकांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत सव्वीस वर्षं ती सूक्ष्मदर्शकाखाली शेंडे कापत आली होती. वरच्या मजल्यावर बुरशीवाले बसत. त्यांच्याकडे पाहुणे आले की दाखवायला खूप असे. तांबेऱ्याची भगवी पूड, करप्याचे काळे डाग, काचेच्या बशीत कापसासारखी फुललेली बुरशी. खाली विषाणूवाल्यांकडे दाखवायला काहीच नाही. धाकटी म्हणायची, बुरशी निदान तोंडावर बोलते. विषाणू म्हणजे सासूच्या मनातली गोष्ट, चेहऱ्यावरून ओळखायची.

तिच्यापुढे काचेची पेटी असे, आतून गाळलेल्या हवेची झुळूक येत राही. डाव्या हातात सुई, उजव्या हातात पातं. कोंबावरचं एकेक इवलं पान बाजूला सारत जायचं, त्याच्या आतलं, मग त्याच्याही आतलं, आणि शेवटी दवबिंदूसारखा ओला, चमकता घुमट दिसायचा. दोन्ही बाजूंनी दोन पानं, अजून पानंही न झालेली, जोडलेल्या हातांसारखी. तेवढाच भाग उचलून काचेच्या नळीतल्या खाद्यावर ठेवायचा, त्याचंच पुढे नवं रोप होतं. जास्त घेतला तर रोग बरोबर येतो, कमी घेतला तर जीव धरत नाही. हे करताना ती आईचं गाणं गुणगुणायची. देवाचं, बारा कडव्यांचं. एका शेंड्याला दोन कडवी लागत.

एका दुपारी तिची ताई तेलाच्या जुन्या डब्यात एक वेल घेऊन संस्थेच्या दारात उभी राहिली. पहारेकऱ्यानं वही पुढे केली, तर कामाच्या रकान्यात ताईनं लिहिलं, ‘आजारी माणूस दाखवायचं आहे.’ पहारेकऱ्यानं विचारलं, माणूस कुठे आहे? ताईनं डबा त्याच्या टेबलावर ठेवला.

ती रताळ्याची वेल होती, आईची. आईनं परसात लावलेली, आई गेल्यावर ताईनं सांभाळलेली. दर वर्षी त्याच वेलीचा तुकडा खोचायचा, त्यातूनच पुढची वेल. तिच्या जून पानांवर जांभळी कडी उमटत, गोल, रेखीव, एकात एक. म्हणून घरात तिचं नाव बांगडीवाली. दुसऱ्या कुणाकडे ही जात उरली नव्हती. एके काळी हिची रताळी मनगटाएवढी असत, मग अंगठ्याएवढी झाली, आणि यंदा ताईनं माती उकरली तर नुसत्या उंदराच्या शेपट्या.

“जगाच्या वेली बऱ्या करतेस,” ताई म्हणाली, “घरच्या वेलीचा नंबर कधी लागणार, ते तरी सांग.”

धाकटी पानाकडे बघत राहिली. मग तिनं डबा उचलून आत नेला.

विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी भिंगातून पान पाहिलं आणि हळूच विचारलं, ही कडी म्हणजेच विषाणू, हे बहिणीला माहीत आहे ना? धाकटी म्हणाली, सांगेन. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, पण संस्थेचं काम संपल्यावर, आणि नळ्या मोजून.

धाकटीनं ताईला काही सांगितलं नाही.

आधी वेलीला उष्ण खोलीत ठेवतात. अडतीस अंशात विषाणू मंदावतो, झाड तेवढ्या वेळात चार पावलं पुढे निघून जातं. त्या खोलीत दिवस मावळतच नसे. दिव्यांचा पांढरा उजेड, भिंतींना धरलेला दमटपणा, आणि कशाचीच घाई नसलेली शांतता. धाकटी काम आटोपल्यावर तिथे जाऊन बसायची. घामानं पापण्या जड व्हायच्या. कधी तिला वाटे, वेल आपल्याकडे वळून काहीतरी विचारते आहे. कधी वाटे, आपणच डब्यात आहोत आणि कुणीतरी फार मायेनं आपल्याला ताप देतं आहे. सहा आठवडे गेले. वेल सुकत सुकत चार कोंबांवर आली.

दोन कोंब तिनं कापले, गाणं म्हणत म्हणत, सुरेख कापले. चौथ्या दिवशी दोन्ही नळ्यांच्या तळाशी दुधाळ धूर दिसला. मोठ्या बाईंनी नळी उजेडात धरली. ही बुरशी नाही, म्हणाल्या, हे माणसाच्या तोंडातले जंतू आहेत. तोंडावरची पट्टी लावतेस ना?

लावत होती. पण पट्टी लावली की चष्म्यावर वाफ धरायची, भिंगातलं दिसेना व्हायचं, म्हणून ती पट्टी हनुवटीखाली ओढून घ्यायची. आणि उघड्या बशीवर वाकून गायची. इतक्या वर्षांत शंभरातल्या पाच-सात नळ्या बिघडत, त्या तिनं नशिबाच्या खाती टाकल्या होत्या. ते नशीब नव्हतं, तिचं गाणं होतं. संस्थेच्या कामात शेंडे शेकड्यांनी असत, पाच गेले तर कुणी विचारत नसे. इथे चारच होते.

तिसरा कोंब तिनं तोंड बांधून, मुकाट्यानं घेतला. चष्मा काढून ठेवला, भिंग डोळ्याला जुळवून घेतलं. पण गाण्याशिवाय हात कुठे थांबायचा ते हाताला कळेना. पातं घसरलं, घुमट फुटला. काचेवर एक ओला ठिपका राहिला.

आता एक कोंब उरला. तो कापला की डब्यातली वेल राहणार नव्हती. नाही कापला तर ती आणखी वर्षभर तरी, कडी मिरवत, जगली असती. हा निर्णय एकटीनं घ्यायचा नव्हता. धाकटीनं ताईला बोलावून घेतलं आणि उष्ण खोलीच्या बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं, नळ्यांचं, गाण्याचं, तिसऱ्या कोंबाचं. आणि शेवटी कड्यांचं.

ताईनं आपल्या हातांकडे पाहिलं.

“म्हणजे आईच्या बांगड्या म्हणून मी जे जपलं, तो रोग.”

“हो.”

“आणि ते तू त्या दिवशी दारातच ओळखलंस.”

धाकटीला हो म्हणून सुटता आलं असतं. पण ज्या बाकावर ताई बसली होती त्यावर बसून खोटं बोलवेना.

“दारात नाही, ताई. शिकत होते तेव्हाच. सुट्टीत घरी आले होते. आई पाहुण्यांना पान उलटं-सुलटं करून दाखवत होती. मी गप्प बसले. मग तुझ्याकडे वेल आली, तेव्हाही गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर तिच्या अंगात ताकद होती. शंभर कोंब मिळाले असते.”

ताई उठून खोलीच्या काचेशी गेली. आत दमट उजेडात वेल होती, एका जुन्या पानावर तीन कडी, अगदी स्पष्ट. ताईनं काचेवर बोट ठेवून ती मोजली. रागावायला तिच्याकडे सगळं होतं, वयानं नऊ वर्षं मोठी होती, लहानपणी हिला तिनंच कडेवर घेऊन फिरवलं होतं. पण ती वळली तेव्हा तिनं एवढंच विचारलं,

“बांगड्या गेल्या तर हात राहतो ना?”

“राहिला तर राहतो. कदाचित नाहीही राहणार.”

“मग काप.”

मग तिनं धाकटीचे हात आपल्या हातांत घेऊन पाहिले. गाण्याशिवाय यांना कुठे थांबायचं ते कळत नाही ना, असं विचारून ताईनं जाहीर केलं की गाणं ती म्हणेल. धाकटीला त्या परिस्थितीतही हसू फुटलं. ताईच्या गळ्याची घरात ख्याती होती. आई म्हणायची, तू ताल धर गं, सूर शेजाऱ्यांना ऐकायचा आहे.

कापायच्या खोलीला एक खिडकी होती, जाड काचेची, न उघडणारी. पलीकडच्या बोळात ताई स्टुलावर बसली. आत पेटीच्या पंख्याची घरघर, तोंडाला पट्टी, बोलायचं नाही. धाकटीनं मान वर केली. ताईचे ओठ हलत होते, हात मांडीवर ताल धरत होता, डोळे मिटलेले. आवाज कणभरही आत येत नव्हता. आणि काचेपलीकडून ताई मुळीच बेसूर नव्हती. पहिलं कडवं संपून दुसरं लागलं, ते ओठांवरून कळलं, तशी धाकटी भिंगावर वाकली. पुढचं तिला बघायची गरज नव्हती. ताई कुठे असेल ते तिला ठाऊक होतं.

एक पान बाजूला झालं. दार उघडावं तसं. आत दुसरं, त्याच्या आत हिरवट उजेड, जसा डोळे मिटून उन्हाकडे तोंड केल्यावर दिसतो. तिसरं पान. आता सुई कुठे संपते आणि बोट कुठे सुरू होतं ते वेगळं राहिलं नाही. भिंगातला घुमट मोठा होत होत इतका झाला की तीच त्याच्या आत उभी होती. ओल होती, मातीचा वास होता. तिथे अजून काहीच घडलेलं नव्हतं. आई आजारी पडलेली नव्हती, ताईचे केस पिकलेले नव्हते, कुणी कुणापासून काही लपवलेलं नव्हतं. दोन इवले हात जोडून कुणीतरी जागं होतं, आणि ज्याची वाट बघायची तो अजून येतच होता. गाण्यात आई ज्या जागी श्वास घ्यायची ती जागा आली. धाकटीनं त्या श्वासात पातं ओढलं.

ती नळीचं तोंड बंद करून मागे सरली तेव्हा ताई काचेपलीकडे चौथ्या कडव्यावर होती. तिला थांबवायला कुणी गेलं नाही.

डब्यातली वेल आठवडाभरात वाळली. नळीतला ठिपका तीन आठवडे नुसता ठिपका राहिला. मग हिरवा झाला. मग त्याला एक पान फुटलं, दुसरं फुटलं, आणि पाच महिन्यांनी वीतभर रोप कुंडीत उभं होतं. दिसायला निरोगी. पण विषाणूच्या बाबतीत दिसण्यावर कुणी विसंबत नाही, म्हणून त्याची एक काडी गारवेलीवर कलम केली. गारवेल रताळ्याची नात्यातली, फार हळवी. हिच्या अंगाला ते अंग जोडलं की त्याच्यात लपलेलं दुखणं हिच्या पानांवर पिवळ्या शिरांनी उमटतं. स्वतः आजारी पडून ती दुसऱ्याचं खरं सांगते.

ताईनं हे ऐकलं आणि तेव्हापासून तिला रताळ्यापेक्षा गारवेलीचीच काळजी लागली. दर दोन दिवसांनी यायची, पहारेकऱ्याच्या वहीत लिहायची, ‘भेट.’ गारवेलीची पानं एकेक करून बघायची. बाई, तुला काही होऊ नये, असं तिला म्हणताना मोठ्या बाईंनीही ऐकलं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात नवी पानं आली, शिरांपर्यंत हिरवीगार. मोठ्या बाईंनी भिंग ठेवलं, चाचणीचा कागद धाकटीकडे सरकवला आणि वेल घरी न्यायला हरकत नाही म्हणाल्या.

ताईनं नवं रोप पुढ्यात घेतलं. पान रुंद, गुळगुळीत, कुठेही खूण नाही. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

“ओळख व्हायला वेळ लागेल,” ती म्हणाली. “आई असती तर म्हणाली असती, पोर घराण्यावर गेली नाही.” मग गारवेलीकडे बघत तिनं विचारलं, “आणि हिचं काय करता?”

धाकटीनं सांगितलं, चाचणी झाली की चाचणीची झाडं भट्टीत जातात. नियम आहे.

ताईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की धाकटीला आपण पाच वर्षांच्या आहोत आणि कुणाचं तरी मांजर पाण्यात बुडवायला निघालो आहोत, असं वाटलं.

“जिनं दुसऱ्यासाठी अंग पुढे केलं, तिला भट्टी?”

धाकटीनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई फार मन लावून भिंग पुसत होत्या. भिंग पुसून झालं, तेव्हा त्या वर न बघता म्हणाल्या की निरोगी ठरलेल्या झाडाची नोंद त्या उद्या सकाळी करतात, आज त्यांना वेळ नाही.

ताईनं एक कुंडी डाव्या कुशीत घेतली, एक उजव्या. धाकटीनं दार उघडून धरलं. अंगणात वारा होता, दोन्ही वेलींचे शेंडे ताईच्या खांद्यांवरून मागे वळून डुलत होते. पहारेकऱ्यानं वही पुढे केली. ताईचे दोन्ही हात गुंतलेले होते, तेव्हा रकाना त्यानंच भरला, आणि किती माणसं म्हणून विचारलं.

“तिघी,” ताई म्हणाली.