भावजींची गाडी

गुणाजी गेटवर उभा असला की ड्रायव्हरांना पळता भुई थोडी व्हायची. धरमतरला बार्जमधून कोळसा उतरायचा, पेणच्या एका ट्रान्सपोर्टच्या गाड्या तो रोह्याला न्यायच्या आणि सकाळी गाडी सुटण्याआधी ती तपासायचं काम गुणाजीकडं. खरं तर ड्रायव्हरनंच आधी गाडीभोवती फिरायचं, बिघाड असेल तो सांगायचा. पण सांगतोय कोण? खेप बुडेल ना. सगळ्यांचं आपलं एकच, "ठीक हाय." मग गुणाजी स्वतः गाडीखाली वाकायचा, ब्रेक दाबायला लावायचा, हवा गळते का ते कान देऊन ऐकायचा. जरा शंका आली की गाडी परत. पोरं मागं शिव्या घालायची, घालोत बापडी.

फक्त एका गाडीपाशी या खमक्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटायची. ती गाडी जनूची, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या, चंद्रावतीच्या नवऱ्याची. बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. त्याला चारचौघांत कसं म्हणायचं, की तुमच्या शब्दावर भरोसा नाय, मी वाकून बघतो?

"भावजी, ठीक हाय ना?"

"ठीक हाय."

झालं. गेट उघडलं.

त्या गुरुवारीही तसंच उघडलं. दुपारी रोह्याच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही आणि भरलेली गाडी कठडा तोडून खाली गेली. जनू जागच्या जागी संपला.

दिवसकार्य उरकल्यावर चंद्रावती आपल्या घराच्या ओटीवर भावाजवळ येऊन बसली.

"दादा, आदल्या दिवशी जेवताना हे म्हणत होते, ब्रेक उशिरा धरतो. मी म्हटलं, दादाला सांगा. तर म्हणाले, कसं सांगू? लोक म्हणतील, मेव्हणा गेटवर हाय म्हणून गाडी उभी करून आराम करतो. त्याला उगाच बोल नको. मग मीच म्हटलं, नका सांगू. दादा बघेलच की. त्याच्या नजरेतनं काय सुटतंय?"

गुणाजी गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पोलिसांनी विचारलं नव्हतं, मालकाला तर प्रकरण मिटलेलंच हवं होतं. पण या पोरीला त्यानं खांद्यावर बसवून मिठागरं दाखवली होती. तिच्याशी खोटं बोलायला त्याचं तोंडच उघडेना.

"चंद्रे, मी बघितली नाय गो गाडी. कधीच नाय बघितली. भावजींची गाडी तपासायची म्हणजे त्यांचा अपमान, असं वाटायचं मला."

चंद्रावती रडली नाही की ओरडली नाही.

"एवढा मान कुणी मागितला होता रे?"

ती उठून आत गेली. गुणाजी तिथंच बसून राहिला. आत पानं वाढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं शेजारची रंभा बाहेर आली आणि खाली बघत म्हणाली, "ती म्हणते, तुम्ही जावा आता."