गाभोळीचा तुकडा

टीव्हीवर मार्लीसचा चेहरा आला तशी इतोहा टुणकन उठली. "फेनाची आई! आजी, बघ ना, फेनाची आई केवढी मोठी दिसतेय!"

"खाली बस. आजीला दिसू दे," म्हणत चिगुसाने तिला ओढून मांडीवर घेतलं. मुलीला घट्ट धरलं की स्वतःची धाकधूकही जरा आवरल्यासारखी वाटे.

तसं घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. परदेशी माणसांना जपानी जेवणातलं काय आवडतं आणि काय घशाखाली उतरत नाही, असा रविवार संध्याकाळचा हलकाफुलका कार्यक्रम. मार्लीस डच होती. नवरा गावाबाहेरच्या भिंगांच्या कारखान्यात, मुलगी इतोहाच्याच बालवाडीत. "तुमच्या घरच्या फुनाझुशीबद्दल बोललेय," एवढंच तिने चिगुसाला सांगितलं होतं. चिगुसाने ते सासूबाईंना सांगितलं आणि सासूबाईंनी, म्हणजे तोमिएबाईंनी, सगळ्या आळीला. आत्ता तळ्याकाठच्या घराघरांत हाच कार्यक्रम लागलेला असणार.

ब्राझीलचा एक तरुण सांगत होता, गरम भातावर कच्चं अंडं फोडून खातात ते त्याला बघवत नाही.

"मग डोळे मिटून खा की रे," तोमिएबाई टीव्हीला म्हणाल्या.

कॅनडाची एक मुलगी तणतणत होती. बारमध्ये बसल्या बसल्या न मागता खाण्याची एक छोटी वाटी पुढे येते आणि मग तीच बिलातही येते, असं का?

"बिचारीच्या घरी पाहुण्याला चहासुद्धा मागावा लागत असेल," तोमिएबाई म्हणाल्या, आणि चिगुसाचा नवरा नोरिआकी खो खो हसला.

तोमिएबाई खुशीत होत्या. वसंतात मासे मिठात घातले तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "यंदाचं फुनाझुशीचं पिंप तू भरायचं, पोरी. मी नुसती शेजारी बसणार." भर उन्हाळ्यात ते मासे धुऊन, त्यांच्या पोटात शिजला भात भरून, लाकडी पिंपात थरावर थर लावायचे. वर दगडांचं ओझं. मग महिनोन्महिने मासे आंबत राहायचे; आत काय चाललंय ते पिंपालाच ठाऊक. या घरात ते पिंप सासूकडून सुनेकडे येत आलेलं. ते ज्या दिवशी हाती येईल त्या दिवशी आपण खऱ्या या घरच्या, असं चिगुसाने मनाशी धरलं होतं. ती तोक्योजवळची, आई लहानपणीच गेलेली. मासे धुताना तोमिएबाई तिच्या हातावर हात ठेवून "असा, अलगद," म्हणायच्या, तेव्हा तिला भरून यायचं. ते काम तिला मनापासून आवडायचं.

फक्त फुनाझुशी तिला खाता येत नव्हतं.

लग्न ठरवायला ती पहिल्यांदा आली तेव्हा ताटलीत फुनाझुशीचे काप आले होते. वास असा, की आंबलेलं ताक आणि ओले मोजे एका डब्यात कोंडले असावेत. तोमिएबाई समोर बसून तिच्याच तोंडाकडे बघत होत्या. "वा, काय चव आहे!" चिगुसा म्हणाली. होणाऱ्या सासरी पहिलं पाऊल टाकलेल्या मुलीने दुसरं काय म्हणायचं असतं? तोमिएबाईंनी तो शब्द असा झेलला की तो परत घ्यायची सोयच राहिली नाही. तेव्हापासून गाभोळीने गच्च भरलेला मधला तुकडा तिच्या ताटलीत येऊ लागला. ती तो न चावता, गरम चहाच्या घोटाबरोबर ढकलायला शिकली.

नोरिआकीला हे माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. आणि माहीत होतं मार्लीसला. बालवाडीबाहेरच्या बाकावर मुली सुटायची वाट बघताना चिगुसा तिला सगळं सांगायची. गावातल्या बाईला सांगितलेलं संध्याकाळच्या आत अख्ख्या तळ्याला वळसा घालून घरी पोचतं. मार्लीसला सांगितलेलं कुठे जाणार? ती तर बाहेरची. त्या बाकावर बसलं की चिगुसाला कशालाही छान म्हणावं लागायचं नाही.

"तुमचा सगळ्यात आवडता पदार्थ?" टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं.

"निखाऱ्यावर भाजलेले भाताचे गोळे," मार्लीस म्हणाली.

"आणि अजिबात नावडता?"

मार्लीसने चिमटीत नाक धरलं. "फुनाझुशी! माफ करा हं. पण मी एकटी नाही! गावातलं सगळ्यात चांगलं फुनाझुशी जिच्या घरी होतं, ती माझी मैत्रीण आहे. त्या घरची सून. तिलासुद्धा जात नाही! लग्न झाल्यापासून न चावता चहाबरोबर गिळतेय, आणि सासूला वाटतं तिला फार आवडतं!"

टीव्हीतले सगळे हसले. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या तोंडाच्या सुनेचं एक चित्रही उड्या मारून गेलं.

तोमिएबाईंनी टीव्ही बंद केला नाही. पुढचा एक जर्मन गृहस्थ तोफूची स्तुती करत होता, तीही त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "खरं आहे?"

"आई, मी त्या वेळी..."

"हो की नाही, एवढंच सांग."

"हो."

"नोरिआकी, तुला ठाऊक होतं?"

चिगुसाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने टीव्हीकडे पाहिलं. "मला? नाही बुवा. मला कधी बोलली नाही ही."

"आई," इतोहाने मान वर करून विचारलं, "मग तू दर वेळी छान म्हणायचीस ते?"

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या बाई होत्या. "अहो हो, आमचीच ती!" तोमिएबाई फोनवर खळखळून हसल्या. "आजकालच्या मुली, काय बोलायचं! नाही हो, राग कसला?" फोन ठेवला तसं ते हसू गेलं.

"तू या घरात आल्यापासून मधला तुकडा माझ्या जिभेला लागलेला नाही," त्या चिगुसाला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझाही जीव त्याच्यावरच. सुनेला आवडतो म्हणून मी शेपटाकडचा खात आले." आणि त्या भात वाढायला उठल्या.

जेवणानंतर भांडी पुसताना चिगुसा नवऱ्याला हळूच म्हणाली, "तू खोटं बोललास."

"मग काय करायला हवं होतं? दोघांनी मिळून फसवलं असं वाटलं असतं तिला. एकावर निभावलं."

"माझ्यावर."

"तुला काय, ती चार दिवसांत विसरेल." त्याने बशी पुसून मांडणीवर ठेवली. पुसायचं फडकंही नीट वाळत घातलं.

सकाळी बालवाडीच्या फाटकाशी मार्लीस सायकलवरून उतरली ती हसतच. "पाहिलंस? मी जाडी दिसत होते का गं?"

"तू सांगून टाकलंस."

"काय? अगं, नाव कुठे घेतलं तुझं?"

"गावात चांगलं फुनाझुशी कुणाकडे होतं ते इथली मांजरंसुद्धा सांगतील, मार्लीस."

मार्लीसचा चेहरा उतरला, पण कळल्यासारखा नाही. "तू तर हसत हसत सांगायचीस. मला वाटलं, गंमत आहे."

"तुलाच सांगितलं होतं मी."

"हो, मग?"

मार्लीसने तिचा दंड धरला. "आमच्याकडे असं मनात कुढत बसत नाहीत. मी बोलते तुझ्या सासूशी."

"नको. तेवढं नको करूस."

पण ती आलीच. चार-पाच दिवसांनी दुपारची आली, हातात तिच्या आत्याने पाठवलेल्या जुन्या चीजचा तुकडा. चिगुसा स्वयंपाकघरात चहा करत होती. पातळ सरकत्या दारातून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तोमिए, माझं चुकलं," मार्लीस म्हणाली. या गावात तोमिएबाईंना एकेरीत हाक मारणारी ती एकटीच. "मी असं टीव्हीवर बोलायला नको होतं. पण तुझं फुनाझुशी खरंच भयंकर आहे!"

चिगुसाचा हात किटलीवर थबकला.

"ठाऊक आहे मला," तोमिएबाई म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भावालाही जायचं नाही. पळून जायचा घरातून. आण बघू, हे काय आणलंयस तू." मग थोड्या वेळाने, "शी! हे काय गं, पाय धुतलेलं पाणी गोठवलंय की काय?"

दोघी हसल्या. तोमिएबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. असं हसताना चिगुसाने त्यांना फारसं पाहिलंच नव्हतं. ती तबक घेऊन दाराशी उभी राहिली. म्हणजे चाललं असतं? त्या पहिल्या दिवशी नाक मुरडून "मला नाही जमणार हो," म्हटलं असतं, तरी चाललं असतं? का ते फक्त या बाईलाच चालतं, ही उद्या आपल्या देशात निघून जाणार म्हणून? बाहेरचीला सगळं माफ, आणि आपण ना बाहेरच्या ना घरच्या.

ती आत गेली, चहा ठेवला.

"ही बघ, तोंडावर बोलते," तोमिएबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्या मार्लीसकडे बघत होत्या. "ऐकायला बरं वाटतं."

"मग पिंप कधी भरणार?" मार्लीसने उत्साहाने विचारलं. "चिगुसा किती दिवस सांगतेय, यंदा तिची पाळी."

चिगुसाने कप सरकवायचा म्हणून सरकवला.

"मीच भरेन," तोमिएबाई म्हणाल्या. "हात चालतायत तोवर मीच भरेन. जी वस्तू तोंडात धरवत नाही, ती चांगली झाली की बिघडली, कुणाला कसं कळणार? हिने इतोहाकडे बघावं."

"पण मासे धुवायला मी..." चिगुसा म्हणाली.

"नको. तुम्हाला वास सोसत नाही, चिगुसा-सान."

त्यांनी चिगुसाला पोरी म्हटलं नव्हतं, परक्या बाईच्या नावाला लावतात तसं 'सान' लावलं होतं, आणि आवाजात राग म्हणून नव्हता. मार्लीसने मान हलवली; तिला वाटलं असावं की सासू किती समजूतदार आहे.

फाटकापर्यंत सोडायला चिगुसाच गेली. मार्लीसने तिला मिठी मारली. "बघ! निवळलं ना सगळं? उगाच घाबरत होतीस. आता सांग, त्या दिवशी काय काय म्हणाली? फार चिडली होती का?" तिचे डोळे बाकावर व्हायचे तसेच मोठे झाले होते, ऐकायला अगदी तयार.

"छे गं. काहीच नाही," चिगुसा म्हणाली. "आई फार चांगल्या आहेत. फेनाला टोपी घालत जा, ऊन वाढलंय."

पुढे काही येईल म्हणून मार्लीस सायकल धरून थोडी थांबली. चिगुसाने कमरेत वाकून तिला निरोप दिला. आळीतल्या कुठल्याही बाईला द्यावा, तसाच.